गळक्या मायट्रल झडपेत ‘ईएफ’ का फसवतो?

टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ‘ईएफ’वर जाते. ६० टक्के दिसले की हायसे वाटते. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, जोरात गळत असेल, तर मात्र हाच आकडा दिशाभूल करतो.

हृदयाचा डावा खालचा कप्पा एका ठोक्यात आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते म्हणजे ईएफ. ते रक्त कुठे गेले, हे त्यातून कळत नाही. समजा, भरलेल्या कप्प्यात २०० मिली रक्त होते आणि आकुंचनानंतर ७० मिली उरले. बाहेर पडले १३०, म्हणजे ईएफ ६५ टक्के. पण त्यातले ६५ मिली झडपेतून उलटे वरच्या कप्प्यात गेले असेल, तर शरीराच्या वाट्याला आले फक्त ६५! शिवाय वरच्या कप्प्यातला दाब महाधमनीपेक्षा बराच कमी, त्यामुळे थकलेल्या स्नायूलाही रिकामे होणे सोपे जाते.

म्हणून झडपेतच दोष असलेल्या तीव्र गळतीत निकष कडक आहेत. ईएफ ६० टक्के किंवा त्याखाली, अथवा आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ४० मिमी किंवा जास्त: यांपैकी एक जरी आढळले, तरी रुग्णाला काही त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार होतो. रिपोर्टमध्ये ईएफइतकाच हा व्यासही आवर्जून पाहावा.

हा व्यास झडपेच्या पाकळ्यांच्या टोकांलगत, कप्प्याच्या लांबीला काटकोनात मोजायचा असतो. रेघ तिरकी गेली की तो उगाच मोठा भरतो. ईएफसाठी दोन वेगवेगळ्या छेदांत कप्प्याची कड आखतात. छातीवर टेकवलेला प्रोब (इकोचे तपासणी-उपकरण) हृदयाच्या टोकावर नेमका नसेल तर कप्पा आखूड दिसतो आणि आकारमान कमी येते. एवढ्या-तेवढ्या मिलिमीटरवर निर्णय अडलेला असताना एकाच इकोवर विसंबू नये, ते यामुळेच.

गळती किती, हे इकोत उलट्या रक्ताचा जो रंगीत झोत दिसतो, नुसत्या त्यावरून ठरवणे धोक्याचे. वरच्या कप्प्याच्या भिंतीला चिकटून जाणारा झोत लहान दिसतो, गळती मात्र मोठी असू शकते. म्हणून झोताची सर्वांत अरुंद मान (७ मिमी किंवा जास्त), गळतीच्या छिद्राचे क्षेत्रफळ (०.४० चौसेंमी किंवा जास्त) आणि दर ठोक्याला उलटे जाणारे रक्त (६० मिली किंवा जास्त) असे सगळे जुळवून ‘तीव्र’ म्हणतात. इको करताना रक्तदाब नोंदवलेला हवा. दाब चढला की गळती वाढते. भूल दिल्यावर तो उतरतो, मग अन्ननलिकेतून केलेल्या इकोत तीच गळती सौम्य भासते.

झडप दुरुस्त झाल्यावर ईएफ बऱ्याचदा खाली येतो. घरचे घाबरतात, पण शस्त्रक्रिया फसली असा त्याचा अर्थ नसतो. उलटी वाट बंद झाल्याने स्नायूला आता सगळे रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्ध ढकलावे लागते. पुढच्या तपासण्यांची तुलना मग शस्त्रक्रियेआधीच्या नव्हे, नंतरच्या पहिल्या इकोशी करावी.