घरात जुनं रेलिक आहे? चर्चचे कागद, सरकारी नोंदणी आणि परदेशात नेण्याचे नियम

वसई, उत्तन, बांद्र्याची जुनी गावठाणं आणि गोव्यातली जुनी घरं, इथे आजीच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या वेदीवर, क्रुसाशेजारी एखादी पितळेची किंवा चांदीची छोटी काचेची डबी दिसते, आत लाल कापडावर चिकटवलेला बारीक कण आणि खाली कागदाची पट्टी. हा कण म्हणजे रेलिक, संताच्या हाडाचा किंवा वस्त्राचा अवशेष. आजी असेपर्यंत कोणी काही विचारत नाही. ती गेली, घर रिडेव्हलपमेंटला गेलं की मग सुरू होतं, हे कोणाकडे ठेवायचं, रजिस्टर करावं लागतं का, दुबईच्या किंवा कॅनडाच्या भावाला देता येईल का, विकता येईल का. यातलं जे नक्की सांगता येतं ते लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. डबी आणि आतला अवशेष यांना वेगवेगळे नियम लागतात. डबी, म्हणजे रेलिक्वरी, शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती सरकारच्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि आतलं रेलिक खरं की खोटं, लोकांसमोर ठेवायचं की नाही, हे चर्च ठरवतं. एका ऑफिसचा कागद दुसरीकडचं काम करत नाही.

आता डबी ओळखायची कशी. ती शक्यतो उघडू नका, स्वच्छ करायला पण नाही. मागचं झाकण काढलंत तर आत लाल रेशमी दोरा आणि त्यावर लाल लाखेचं सील असतं, त्या सीलवर बहुतेक वेळा बिशपांचं चिन्ह असतं, म्हणजे ढाल, वर टोपी आणि दोन्ही बाजूला लोंबणारे गोंडे. हा दोरा तुटला किंवा सील फुटलं तर ते रेलिक खरं आहे हे सांगणं फार अवघड होऊन बसतं, कारण आत कोणी काही बदललं नाही याचा पुरावा तेच सील असतं. म्हणून झाकण सहज निघत असेल तरच मागच्या सीलचा स्पष्ट फोटो काढा आणि परत लावून ठेवा, घट्ट असेल तर जोर लावू नका.

पुढच्या पट्टीवर लॅटिनमध्ये संताचं नाव असतं आणि बऱ्याचदा काय आहे ते पण. एक्स ऑसिबस म्हणजे हाडाचा कण, एक्स वेस्टे म्हणजे वस्त्राचा तुकडा. नावापुढे एम असेल तर हुतात्मा, व्ही असेल तर कुमारी. आणखी एक, जुन्या घरांत मेणाची चपटी गोल वडी सापडते, वर कोकराचं चित्र असलेली, ती आग्नुस देई, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीच्या मेणापासून बनवून पोपनी आशीर्वादित केलेली. ती रेलिक नाही पण जपायची वस्तू आहेच, त्यामुळे फेकू नका.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ऑथेंटिका, रेलिक खरं असल्याचं चर्चचं प्रमाणपत्र. छापील लॅटिन मजकूर, मधे मधे हाताने भरलेल्या जागा, वर चिन्ह, खाली सही आणि शिक्का. त्यात कोणत्या संताचं काय आहे, डबीचा आकार कसा, दोरा कोणत्या रंगाचा, आणि तारीख हे सगळं असतं. हा कागद डबीजवळ क्वचितच असतो, आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात, फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात, लग्नाच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये शोधा, आणि घर रिकामं करायच्या आधी शोधा ही कळकळीची विनंती, भंगारवाल्याकडे गेलेला कागद परत येत नाही. कागद हरवला पण सील शाबूत असेल तरी आशा आहे, तुमच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांमार्फत धर्मप्रांताच्या चॅन्सलरना, म्हणजे बिशपांच्या कार्यालयात कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, अर्ज करा, सीलची तपासणी होऊन बिशपांना पटलं तर नवीन प्रमाणपत्र मिळू शकतं. सोबत साधा अर्ज, डबीचे पुढून मागून फोटो, आणि ती घरात कशी आली त्याची लेखी माहिती द्या, कोणत्या फादरांनी कोणाला दिली, साधारण कोणत्या साली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून.

जुन्या कागदाला एवढं महत्त्व का, तर जुन्या गोव्याचंच बघा. जॉर्जियाची राणी संत केतेवान 1624 मध्ये शिराझला हुतात्मा झाली आणि ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष 1627 मध्ये गोव्यात आणले. पुढे त्यांचं ते भव्य चर्च पडलं, सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. अवशेष एका खिडकीजवळ ठेवलेत असं पोर्तुगीज नोंदींमध्ये होतं, त्या नोंदींच्या आधाराने पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, आणि 2021 च्या जुलैमध्ये भारत सरकारने त्याचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. चारशे वर्षांनी ओळख पटली ती कोणीतरी जागा लिहून ठेवली होती म्हणून.

चर्चकडून परवानगी कशाला लागते? घरात खाजगी भक्तीसाठी छोटा कण ठेवला तर कोणी हरकत घेत नाही. पण चर्चमध्ये, मिरवणुकीत, नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, लोकांसमोर ठेवायचं असेल तर चर्चच्या अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र हवंच, रोमच्या संतपद विभागाने डिसेंबर 2017 मध्ये काढलेल्या सूचनेत हे स्पष्ट लिहिलंय. पूर्ण शरीर किंवा त्याचा मोठा भाग असेल तर तो महत्त्वाचा अवशेष धरला जातो, असं काही घरात निघालं तर थेट बिशपांना कळवायचं, तो रोमच्या परवानगीशिवाय कायमचा कुठे हलवता येत नाही.

नवीन रेलिक मागवायचं असेल तर पात्रता मुख्यतः चर्चची, घराची नाही. प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, त्यावर बिशपांचं शिफारसपत्र, रेलिक कुठे आणि कशासाठी ठेवणार ते, आणि हे सगळं त्या संताच्या संघाच्या पोस्ट्युलेटरकडे, म्हणजे संतपदाचं काम बघणाऱ्या प्रतिनिधीकडे, जातं, संत जेझुइट असेल तर जेझुइटांकडे, फ्रान्सिस्कन असेल तर त्यांच्याकडे. खाजगी व्यक्तीला हाडाचा कण सहसा देत नाहीत, संताच्या वस्तूला स्पर्श केलेलं कापड लावलेलं कार्ड मात्र मिळतं. आणि नवीन वेदीखाली ठेवायचं असेल तर बारीक कण चालत नाही, मानवी शरीराचा भाग आहे हे ओळखू येईल एवढा अवशेष लागतो आणि त्याच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर न ठेवलेला बरा असा नियमच आहे.

आता सरकारी बाजू. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा, लागू झाला 1976 मध्ये. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची किंवा धर्माशी संबंधित वस्तू ही पुरावस्तू. पण प्रत्येक पुरावस्तूची नोंदणी सक्तीची नाही, सरकारने ठरवलेल्या प्रकारांचीच, म्हणजे धातू, दगड, हस्तिदंत, हाड वगैरेंच्या मूर्ती, लाकडातलं मूर्तिकाम, चित्रं, सचित्र हस्तलिखितं. त्यामुळे संताच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची किंवा कोरलेल्या मूर्ती असलेली रेलिक्वरी असेल तर नोंदणी करायची, साधी गोल डबी असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला फोटो दाखवून विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. वारसाहक्काने वस्तू ताब्यात आली की पंधरा दिवसांत नोंदणी करायची असते, बहुतेकांना हे माहीतच नसतं. मुदत उलटली म्हणून लपवू नका, स्वतःहून गेलेलं केव्हाही बरं.

अर्जाचा नमुना सात नंबरचा. सोबत वस्तूचे फोटो कॉपीसकट, माप, वजन, कशापासून बनलीय ते वर्णन, कशी मिळाली ते, आणि तुमचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, वारसाहक्क असेल तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडलेली बरी. तुमच्या भागाचा नोंदणी अधिकारी कोण हे पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात कळतं, केंद्रीय खात्याच्या मुंबई सर्कलचं ऑफिस सायनच्या किल्ल्यात आहे आणि गोवा सर्कलचं जुन्या गोव्यात. नोंदणी केली की सरकार वस्तू घेऊन जाईल ही भीती खूप जणांना असते. मालकी तुमचीच राहते, आणि जी वस्तू खरोखर उपासनेत वापरली जाते ती सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार याच कायद्याने सरकारला दिलेला नाही. नंतर ती कोणाला दिली तर मात्र मालकी बदलल्याचं कळवायला लागतं.

विकण्याबद्दल. रेलिक विकणं चर्चच्या कायद्यात पूर्ण बंद आहे, 1190 व्या कलमात. ऑनलाइन लोक सर्रास विकतात, आणि काही भाविक सोडवून आणतो म्हणून विकत घेतात, भावना मी समजू शकतो पण त्याने बाजार वाढतो आणि नकली सील, नकली कागद पण वाढतात. हस्तिदंत असेल तर विक्रीचा विषयच नाही, वन्यजीव कायदा लागतो, घरात ठेवायला पण वनखात्याचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं.

परदेशात नेणं इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. शंभर वर्षांपेक्षा जुनी रेलिक्वरी खाजगी माणसाला भारताबाहेर नेताच येत नाही, नोंदणी असो वा नसो, हा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या संस्थेला आहे, आणि शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड. बॅगेत टाकून नेऊ, कोण बघतंय, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पण तुमची डबी 1930-50 च्या सुमाराची असेल, तर ही पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून घेता येतं. त्यासाठी अर्ज, फोटो, ओळखपत्र आणि प्रत्यक्ष वस्तू तपासणीला न्यावी लागते. इथे ऑथेंटिकावरची तारीख परत कामाला येते, तिच्यावरून वस्तूचं वय दाखवता येतं, म्हणून मूळ कागद स्वतःजवळ ठेवून अर्जाला झेरॉक्स लावा. प्रमाणपत्र मिळाल्यावर डबी हातातल्या बॅगेत न्या, चेक-इनला नको.

घरात कोणी सांभाळणारं नसेल तर पॅरिशला द्या. देताना दानपत्र दोन प्रतींत करा, सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या, त्यात डबीचं वर्णन आणि सीलचे फोटो जोडा, मूळ ऑथेंटिका डबीसोबतच द्या, आणि चर्चच्या मालमत्तेच्या यादीत त्याची नोंद झाली का ते बघून फादरांची सही असलेली एक प्रत घरी आणा.