नद्यांतील मत्स्यवैविध्य

एखाद्या नदीत माशांच्या किती जाती आढळतात, हे खोऱ्याचा विस्तार, नदीचा विसर्ग, हवामान आणि खोऱ्याचा भूवैज्ञानिक इतिहास यांवर अवलंबून असते. नद्या व सरोवरे मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम एक टक्का भाग व्यापत असली, तरी माशांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे निम्म्या गोड्या पाण्यातील आहेत. यातील बहुतेकांना जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांना वेगळी करणारी उंच जमीन, ओलांडता येत नाही आणि समुद्राचे पाणीही सोसत नाही. महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावणारी सावित्री अरबी समुद्राला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे एकीतल्या माशाला दुसरीत जाण्याची वाटच नाही. अशा अलग पडलेल्या खोऱ्यांत नव्या जाती उत्क्रांत होतात.

फ्रेंच संशोधक ज्याँ-फ्रान्स्वा गेगाँ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगभरातील नद्यांची तुलना करून, नदीचा आकार आणि खोऱ्यातील वनस्पतींची उत्पादकता (म्हणजे त्यांची एकूण वाढ) यांवरून जातींच्या संख्येचा बराचसा अंदाज बांधता येतो, असे दाखवले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील दोन हजारांहून अधिक जातींचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो. तेथे पुराच्या दिवसांत तांबाकी हा मासा बुडालेल्या जंगलात शिरून दाढांसारख्या दातांनी रबराच्या बिया फोडून खातो.

तरीही आकडेमोडीने जाती किती ते कळते, कोणत्या ते कळत नाही. त्यासाठी इतिहासच पाहावा लागतो. हिमयुगात मिसिसिपीतील माशांना दक्षिणेकडे सरकता आले. पश्चिम व उत्तर युरोपात मात्र आल्प्ससारख्या पर्वतांनी ही वाट अडवली, म्हणून डॅन्यूबच्या तुलनेत तेथील नद्या आजही माशांच्या दृष्टीने गरीब आहेत. काँगोच्या खालच्या टप्प्यात तर एकाच नदीत विलगीकरण घडले आहे. तेथे पात्र काही ठिकाणी २०० मीटरहून खोल असून प्रवाहाच्या जोरामुळे दोन काठांवरील माशांचाही संबंध तुटतो. फिकट रंगाचा, दृष्टिहीन लॅम्प्रोलोगस लेथॉप्स हा मासा याच खोल पाण्यातला.

धरणांमुळे स्थलांतर करणाऱ्या जातींचे मार्ग बंद होतात. यांगत्सीतील चिनी पॅडलफिश २०२२ मध्ये नामशेष घोषित झाला. १९८१ मध्ये नदी अडवणाऱ्या गेझौबा धरणाने त्याची विणीच्या जागेकडे जाण्याची वाट तोडली होती. आफ्रिकेतील तिलापिया आता महाराष्ट्राच्या जलाशयांतही स्थिरावला आहे. अशा परक्या जातींमुळे एखाद्या नदीतील जातींची संख्या वाढलेली दिसू शकते, पण खोऱ्याखोऱ्यांमधला फरक पुसट होत जातो.