नागपूरचं दैनिक आणि गेलेली राजधानी

नागपुरात सध्या वेगळ्या विदर्भाचा विषय पुन्हा निघाला आहे. त्याबरोबर इथल्या मराठी दैनिकांनी वेळोवेळी घेतलेल्या भूमिकांचीही चर्चा होते. ती समजून घ्यायला १९४६ पासून सुरुवात केलेली बरी. त्याआधी १९११ पासून इंग्रजी ‘हितवाद’ होताच आणि मराठी साप्ताहिकंही होती, पण इथल्या मराठी दैनिकाला खरा आवाज मिळाला तो १९४४ मध्ये ‘तरुण भारत’ दैनिक म्हणून निघाल्यावर.

दोनच वर्षांनी, १९४६ च्या मे महिन्यात, या दैनिकाचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होतं. विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय, सगळं इथंच. मराठी मुलूख एक झाला तर राजधानी मुंबईला जाणार, हे कुणालाही दिसत होतं. तरीही राजधानीतल्या संपादकाने एकीकरणाची बाजू घेतली. ही भूमिका भाबडी होती, असं आजही इथं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. हिंदी भाषक महाकोशलाबरोबर बांधलेल्या आठ मराठी जिल्ह्यांची घुसमट खरी होती. चुकलं ते पुढे. राजधानीच्या बदल्यात काय मिळणार, हा सौदा पक्का होण्याआधीच भावनेचा भर आला.

एकत्र आल्यास विदर्भाला काय मिळेल, हे सांगणारे नेत्यांमधले करार झाले: १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार. आश्वासनांची कमतरता नव्हती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तर वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली. ती बाजूला पडली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली. उरलं ते उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि विधिमंडळाचं दरवर्षीचं एक अधिवेशन. वाचक संपादकाच्या मागे सरसकट गेले असंही नाही. १९६२ मध्ये नागपूरकरांनी वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरणाऱ्या यवतमाळच्या एका वयोवृद्ध नेत्याला, बापूजी अणे यांना, अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवलं. ‘तरुण भारत’चे तेच संपादक तेव्हाही खुर्चीवर होते.

गंमत अशी, की पुढे ज्या दैनिकाने नागपूरचा बाजार काबीज केला त्या ‘लोकमत’च्या मूळ साप्ताहिकाचा धागा याच नेत्यापर्यंत जातो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस यवतमाळात निघालेलं ते पत्र बंद पडलं. १९५२ मध्ये दुसऱ्या हातांनी ते पुन्हा सुरू केलं आणि १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरातून ते दैनिक झालं. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. नव्या दैनिकाला याहून मोठी बातमी कुठून मिळणार!

त्यानंतरची स्पर्धा संपादकीयाची कमी आणि वितरणाची जास्त. ‘लोकमत’ १९८२ मध्ये औरंगाबादहूनही निघू लागलं. नागपुरातून हिंदी भावंडं निघाली, मुंबई-पुण्याची दैनिकंही इथं आवृत्त्या घेऊन आली. जिल्ह्यांच्या पुरवण्या वाढल्या, गावोगावी वार्ताहर नेमले गेले, आणि त्या वार्ताहरांवर जाहिरातीही आणण्याची जबाबदारी आली. दैनिक गावात पोचलं ते याच माणसांच्या जिवावर, पण अग्रलेखाची धार बोथट झाली तीही इथूनच. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात पानभर छापायची, त्याच्याविरुद्ध बातमी कोण देणार?

हिवाळी अधिवेशनात जुना पेच दरवर्षी नव्याने दिसतो. गडचिरोलीसारख्या दूरच्या भागासाठीची डाक आवृत्ती लवकर सोडावी लागते, तर सभागृहातली चर्चा रात्रीपर्यंत लांबते. मग विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषावरचं उत्तर शहर आवृत्तीत सविस्तर येतं, आणि ज्यांच्या अनुशेषाबद्दल ते असतं त्यांना ते दुसऱ्या दिवशीच्या अंकात, आतल्या पानावर वाचायला मिळतं.