अंबाबाईभोवतीच्या पेठा : भूसंपादनाच्या वादामागचा इतिहास

६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिर परिसराच्या १,४४५ कोटींच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. तेव्हापासून महाद्वार रोड, जोतिबा रोड, भवानी मंडप या पट्ट्यात एकाच गोष्टीची चर्चा आहे : भूसंपादनात घर कुणाचं जाणार आणि दुकान कुणाचं. दर्शनरांग, पार्किंग, भाविकांची सोय यांवर बरंच छापून येतं. पण मंदिराला खेटून पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, ती तिथे कशी टिकली आणि आज नेमकी कशामुळे अडचणीत आली, हे त्यात फारसं येत नाही. ही नोंद त्यासाठी आहे.

फार मागे जायचं कारण नाही. उत्तरेश्वर, खोलखंडोबा, केसापूर अशा वस्त्या आधीपासून होत्या, त्या जोडल्या जाऊन गाव झालं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानची राजधानी पन्हाळ्याहून खाली आली आणि गावाभोवतीचा तट महत्त्वाचा ठरला. गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थ वेश ही नावं त्या तटाच्या दरवाजांची. दरवाजे गेले. बिंदू चौकात तुरुंगालगत तटाचा तुकडा आणि बुरूज तेवढा उभा आहे.

आजच्या वादाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा काळ १८९० नंतरचा. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. गूळ, शेंग, कापड यांचा व्यापार वाढणार हे दिसत होतं आणि त्याला जागा हवी होती. ती पेठा पाडून काढता आली असती. संस्थानने मात्र १८९५ मध्ये स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी वसवली. पुढच्या पिढीत लक्ष्मीपुरी आणि क्रमांकाच्या गल्ल्यांची राजारामपुरी झाली. घाऊक व्यापार, वखारी, नव्या नोकरदारांची घरं जुन्या गावाबाहेर गेली आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ राहत्या वस्त्याच राहिल्या. गुजरीत सराफ होते, महाद्वारात दुकानं होती, पण वरच्या मजल्यावर घरच होतं. जुन्या कोल्हापुरात आज माणूस राहतो त्याचं मोठं श्रेय, माझ्या मते, या धोरणाला आहे. नव्या गरजेसाठी नवी जागा शोधायची, राहत्या माणसाला उठवायचं नाही, असा त्याचा रोख होता.

त्या काळात सगळंच जपलं गेलं असं मात्र नाही. गावातली तळी हळूहळू बुजत गेली. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साठतं आणि खेळणाऱ्या पोरांना दुसरी जागा शोधावी लागते. तळं बुजवताना पाण्याची वाट कुठे गेली हे कुणी नीट पाहिलं नाही, त्याचे परिणाम शिवाजी पेठ भोगते आहे. मंगळवार पेठेत पाण्याचा खजिना हे नाव तरी टिकलंय. गावाला पाणी कसं यायचं याची ती खूण.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा इथे लागू झाला. पेठांमधल्या घरांची आजची अवस्था समजून घ्यायची तर या कायद्याला टाळून चालत नाही. त्या काळात वाड्यांमध्ये बिऱ्हाडं भरलेली होती. सोप्यात एक, माळ्यावर दुसरं, परड्यातल्या पत्र्याच्या खोलीत तिसरं. भाडं गोठलं. भाडेकरूला कुणी हलवू शकेना, ही त्या कायद्याची चांगली बाजू. गरीब माणूस गावाच्या मध्यभागी राहू शकला तो त्यामुळेच. पण महिन्याला जे भाडं हातात यायचं त्यात कौलं परतायचेही पैसे सुटत नव्हते. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने दुसऱ्याच्या भिंतीवर खर्च का करावा म्हणून हात आखडला. मुंबईत १९६९ च्या कायद्याने उपकर आला आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आलं. कोल्हापूरच्या वाट्याला तसं काही आलं नाही. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. मुळात भाडंच इतकं कमी, की त्याच्या ४ टक्क्यांत दुरुस्तीचा खर्च निघणं शक्य नव्हतं. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते. त्या नोटिसांची मुळं या पन्नास-साठ वर्षांत आहेत.

दुसरी गाठ हद्दीची. १८५४ ची नगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी महापालिका झाली, पण शहराची हद्द आहे तिथेच राहिली : ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. हद्दवाढीचा विषय कितीदा निघाला आणि मागे पडला हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. भोवतालच्या गावांना शहराचा घरफाळा नको होता आणि शेतजमिनीवर आरक्षणं पडतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण झालं. पेठांच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा : १८९५ मध्ये संस्थानला बाहेर जागा काढता आली, महापालिकेला ती काढता येत नाही. वाहनतळ असो, यात्री निवास असो की बाजार, नजर पुन्हा गावाच्या मध्यभागी वळते.

मध्यभागी राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला एका गोष्टीवरून कळेल. किरणोत्सव सगळ्यांना माहीत आहे : नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ही किरणं रंकाळ्याच्या बाजूने ज्या रेषेत येतात त्या रेषेवर लोकांची घरं आहेत. कुणाचा कठडा, कुणाची पाण्याची टाकी, कुणाच्या जिन्यावरचा पत्रा वाटेत येतो. मोजणी झाली, अडथळ्यांच्या याद्या झाल्या, नोटिसा गेल्या. बहुतेकांनी आपण होऊन काढून घेतलं; देवीच्या कामाला आडवं यायचं नाही ही भावना इथे खरी आहे. पण दोन मुलांची लग्नं झाल्यावर वर खोली चढवायची नाही तर कुठे चढवायची, याचं उत्तर त्या याद्यांमध्ये नव्हतं. घर बारा-पंधरा फूट रुंद, दोन्ही भिंती शेजाऱ्याशी सामाईक. वाढायला आकाशाचीच दिशा उरते. तीही मोजून दिलेली.

त्यात गर्दी वाढली. पूर्वी नवरात्र, लग्नसराईनंतरचे देवदर्शनाचे दिवस आणि मे महिना एवढाच ताण असायचा. आता प्रत्येक शनिवार-रविवारी परगावच्या गाड्यांची रांग लागते आणि बोळात राहणाऱ्याला आपली दुचाकी तालमीच्या दारात ठेवून घरी चालत जावं लागतं. काही वाड्यांची लॉज झाली. मालकाला यात दोष देता येणार नाही, इतकी वर्षं ज्या घराने खायला दिलं नाही ते आता देतंय. तरी लॉज झालेल्या प्रत्येक वाड्यामागे तालमीच्या वर्गणीची एक पावती आणि गल्लीतलं एक मतदान कमी होतं.

आराखड्याचं मूळ या गर्दीत आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. उन्हात लेकराला कडेवर घेऊन तीन-तीन तास उभी राहणारी बाईही कुणाच्या तरी घरची आहे. मंदिराभोवती मोकळी जागा हवी हे पेठेतली माणसंही मान्य करतात. वाद आहे तो किती, कुठली आणि कुणाला विचारून, याचा. रहिवाशांचं म्हणणं असं, की घर दाखवलं गेलं ते आधी नकाशावर. चर्चा नंतर सुरू झाली.

कायदा इथे काय देतो ते पाहायला हवं. १ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट रक्कम मिळते. कागदावर हे भरपूर वाटतं. बाजारभाव ठरतो मात्र रेडीरेकनर (सरकारने ठरवलेले जागांचे दर) आणि नोंदलेल्या खरेदीखतांवरून. महाद्वारासारख्या भागात खरेदी-विक्री क्वचित होते; घर वारसाने जातं आणि दुकान पागडीने, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन. नोंदणीत दिसणारा भाव आणि प्रत्यक्षातला भाव यांत अंतर पडतं ते असं. शिवाय दुप्पट रकमेत त्याच परिसरात तेवढं घर मिळेल याची खात्री नाही, कारण तिथे विकायला काढलेली घरंच जवळपास नसतात.

भाडेकरूंचा प्रश्न आणखी बिकट. मोबदला मालकाचा, हे सरळ. पण याच कायद्याच्या व्याख्येत, तीन वर्षं त्या जागेवर ज्यांची उपजीविका अवलंबून आहे किंवा शहरी जागेत जे तीन वर्षं राहताहेत, ती कुटुंबंही बाधित धरली जातात. म्हणजे चाळीस वर्षं हार-नारळाचं किंवा बांगड्यांचं दुकान भाड्याने चालवणाऱ्याला पुनर्वसनाचा हक्क सांगता येतो. त्यासाठी पावती, वीजबिल, दुकान परवाना असलं काहीतरी त्याच्या नावावर हवं. पेठेतले व्यवहार शब्दावर चालले. भाडं हातात दिलं, पावती कुणी मागितली नाही.

मालकांचंही सोपं नाही. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर ए, बी, सी, डी अशा जुन्या वॉर्डांप्रमाणे नंबर असतो आणि खाली नावं. पुष्कळ कार्डांवर आजोबांचं नाव तसंच आहे. वारस नोंद झालेली नाही, बहिणींची हक्कसोड झालेली नाही, एक भाऊ पुण्यात आणि एकाचा पत्ता नाही. संयुक्त मोजणी झाली, नोटीस निघाली तर ती याच नावांनी निघेल. त्यामुळे आराखड्याला हरकत घ्यायची असो की मोबदला घ्यायचा असो, पेठेतल्या बऱ्याच घरांत पहिलं काम वारस नोंदीचं आहे आणि सध्या नगर भूमापन कार्यालयात त्याचेच अर्ज घेऊन माणसं उभी आहेत.