अठरा वर्षे पूर्ण झाली, आता कुठे? जपानमधील दिव्यांग मुलांच्या निवासी संस्था

१८९१ च्या भूकंपात पोरक्या झालेल्या मुलींसाठी निघालेली एक शाळा पुढे बौद्धिक दिव्यांग मुलांची जपानमधली पहिली निवासी संस्था झाली. कायद्याची चौकट मात्र १९४७ च्या बालकल्याण कायद्याने आली. अशक्त प्रकृतीच्या मुलांसाठी त्या काळी स्वतंत्र निवासगृहे होती. क्षयाचा धोका असलेली, कुपोषित आणि पुढे दमेकरी मुले तिथे राहत. १९९७ च्या दुरुस्तीने हा प्रकारच रद्द झाला आणि ती निवासगृहे निराधार मुलांच्या बालगृहांत मिसळली.

सर्वांत मोठी परवड झाली ती शारीरिक आणि बौद्धिक, दोन्ही दिव्यांगत्व तीव्र असलेल्या मुलांची. बरे होण्याची आशा नाही म्हणून रुग्णालये त्यांना ठेवून घेत नसत. स्वतःच्या पायावर उभी राहणार नाहीत म्हणून कल्याणसंस्थाही नकार देत. १९६१ मध्ये टोकियोजवळच्या तामा भागात त्यांच्यासाठी पहिली संस्था उघडली, १९६३ मध्ये बिवा सरोवराकाठी दुसरी. त्याच वर्षी दिव्यांग मुलीचा बाप असलेल्या एका कादंबरीकाराने मासिकातून थेट पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले: माझ्याकडून एवढा कर घेता, आणि या मुलांच्या संस्थेला इतके तुटपुंजे अनुदान? त्या पत्राने आणि पालकांच्या रेट्याने सरकार हलले.

१९६७ च्या दुरुस्तीने या संस्था एकाच वेळी रुग्णालय आणि बालकल्याण संस्था ठरल्या आणि अठरा वर्षांवरील व्यक्तींनाही तिथे राहता येऊ लागले. वाद आहे तो याच निर्णयावर. घराबाहेर, समाजात राहण्याचा हक्क मागणारे दिव्यांग कार्यकर्ते म्हणतात की यामुळे माणसे जन्मभर संस्थेत अडकली. आक्षेप खरा आहे. पण म्हाताऱ्या आईबापांपुढे तेव्हा दुसरा पर्याय काय होता, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

२०१२ मध्ये कायदा बदलला आणि प्रौढांची व्यवस्था प्रौढांच्या कायद्याखाली गेली. वैद्यकीय संस्थांना दोन्ही सेवा एकत्र चालवण्याची मुभा मिळाल्याने तिथे कुणाला खाट सोडावी लागली नाही. एकाच वॉर्डात शेजारी झोपणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा आणि पन्नाशीच्या बाईचा खर्च तेवढा वेगवेगळ्या कायद्यांखाली पडू लागला. वैद्यकीय सोय नसलेल्या संस्थांत मात्र अठरा ओलांडलेल्यांना बाहेर पडणे भाग होते. जागाच मिळेनात, म्हणून त्यांची मुदत आधी २०१८ पर्यंत, मग २०२१ पर्यंत अशी लांबत गेली. अखेर २०२२ च्या दुरुस्तीने गरजेनुसार बावीस वर्षांपर्यंत राहण्याची सोय केली आणि पुढचा निवारा शोधण्याच्या कामात समन्वयाची जबाबदारी प्रांतांवर टाकली. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.