समुद्र नसलेल्या गावातलं समुद्रशेवाळ

आमच्याकडे शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणारं. ते कागदावर पसरून फ्रेममध्ये लावायचं म्हटलं, तर बीड-परभणीकडचा माणूस हसेल. तरी इथल्या बऱ्याच बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रवाल्यांच्या कपाटात तशी एखादी फाईल सापडते. शैक्षणिक सहल रत्नागिरी नाहीतर मालवणला, अमावस्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी गाठून खडकांवरून खरवडलेली सरगॅसम, अल्वा, पडायना ही समुद्रशेवाळं. सगळी धडपड प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी.

शेवाळ दाबून कागदावर लावायची ही कलाही अशाच अभ्यासातून निघाली. अमेलिया ग्रिफिथ्स इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावर शेवाळं गोळा करत. त्यांच्या नावावरून १८१७ मध्ये लाल शेवाळांच्या एका प्रजातीचं (genus) नाव ग्रिफिथ्सिया ठेवलं गेलं. त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या मेरी वायट शिंपल्यांचं दुकान चालवत. त्यांनी १८३० च्या दशकात नमुन्यांची पुस्तकं विकली, पानापानावर चित्राऐवजी खरं शेवाळच. पुढे अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांना बारीक शेवाळाचं हुबेहूब चित्र काढणं अवघड वाटलं. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइपची युक्ती त्यांनी उचलली: रसायन लावलेल्या कागदावर वाळलेलं शेवाळ ठेवायचं आणि उन्हात धरायचं. १८४३ पासून दहा वर्षं त्या निळ्या कागदांवर पांढरी शेवाळं उमटवत राहिल्या. (ऊन हवं असेल तर ते आमच्याकडे वाटेल तेवढं आहे.)

दाबायची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. परातीत पाणी घ्यायचं, त्यात जाड कागद बुडवायचा, वर शेवाळ तरंगत सोडायचं. ब्रशने एकेक फांदी मोकळी करायची आणि कागद तिरका धरून हळूच वर काढायचा. डिंक बहुधा लागतच नाही. आगर, कॅराजीनन हे चिकट पदार्थ लाल शेवाळातूनच मिळतात. हा चिकटपणाच सुकताना नमुना कागदाला धरून ठेवतो. जाडजूड सरगॅसम मात्र निसटतं, त्याला टाके घालावे लागतात. मग वर जुन्या मलमलीचं फडकं, त्यावर रद्दी, त्यावर वजन. रद्दी रोज बदलायची.

फडकं विसरायचं नाही. मी पहिल्यांदा विसरले होते. रद्दी उचलली तर माझं लाल ग्रॅसिलेरिया वधू-वर सूचक जाहिरातींना चिकटून वर आलं. ते तिथून काही निघालं नाही. फाईलमध्ये अजून तसंच आहे, ‘मुलगी गृहकृत्यदक्ष’च्या बरोबर मधोमध.