ऊन (गोवा): मीठ, सोलर आणि डोकेदुखी

ऊन म्हणजे सूर्याचा उजेड आणि त्याच्यासोबत येणारी उष्णता, दोन्ही एकत्र. कोंकणीत याला वोत म्हणतात. गोव्यात पाऊस जून ते सप्टेंबर असा चार महिने कोसळतो, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, त्यामुळे बाहेरच्या लोकांना वाटतं की इथे ऊन काय असणार, पण उरलेले आठ महिने आकाश बऱ्यापैकी मोकळं असतं आणि मार्च ते मे मध्ये तर हवेतल्या दमटपणामुळे ३४ अंशसुद्धा नको वाटतात, कारण घाम येतो पण सुकत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण या विषयात सगळा गोंधळ तिथेच होतो. उजेड वेगळा आणि उष्णता वेगळी. मिठागराला उष्णता लागते, सोलर पॅनलला उजेड लागतो, आणि माणसाच्या डोक्याला दोन्ही सोसत नाहीत.

पॅनलच्या आधीचं ऊन

गोव्यात सोलर यायच्या कितीतरी आधी सोलां होती. भिरंडं (म्हणजे कोकमाची फळं) फोडून त्यांच्या साली त्याच रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, परत बुडवायच्या, परत सुकवायच्या, असं चार-पाच दिवस केलं की काळीकुट्ट सोलां तयार, घाटावर ज्याला आमसुलं म्हणतात. बरणीत कोकमाच्या साली आणि साखर थर लावून भरायची आणि ती बरणी उन्हात ठेवायची, गॅस न पेटवता सरबताचा पाक तयार. आंब्याची साटं, खोबरं, सुकं बांगडं, पापड, सगळं याच उन्हावर, आणि हे सगळं पावसाच्या आत भरून ठेवायचं त्याला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजमधून आलेला. म्हणजे वैशाखातलं ऊन बरणीत भरून आषाढात खायचं. बॅटरी स्टोरेज म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मोठ्या प्रमाणावर उन्हाचा वापर मात्र मिठागरांत. आगरवाडो, नेरुल, रायबंदर या भागांत खाजन जमिनीवर (खाडीकाठची बांध घालून भरतीपासून राखलेली जमीन) मिठागरं आहेत किंवा होती. भरतीचं पाणी मानशीतून (लाकडी दाराच्या बांधातून) आत घ्यायचं, एका चौकोनातून दुसऱ्यात सरकवत घट्ट करायचं आणि शेवटच्या उथळ कप्प्यात मीठ धरलं की ते ओढून काठावर ढीग लावायचा. मिठाचा हंगाम उन्हाळ्याचा, पहिला जोराचा पाऊस आला की संपला. आता बरीच मिठागरं पडून आहेत, मजूर मिळत नाहीत आणि आयोडिनवालं पाकीट स्वस्त पडतं. मला विचाराल तर हा गोव्याचा सगळ्यात जुना सौरऊर्जा प्रकल्प, फक्त त्याला कोणी तसं म्हटलं नाही.

उन्हापासून ताकद काढायचे प्रयत्न

स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने १७६७ साली काचेच्या झाकणांची पेटी बनवली आणि तिच्यात पाणी उकळेल इतकी उष्णता साठवली, आजच्या सोलर कुकरची आणि इमारतींच्या गच्चीवरच्या गरम पाण्याच्या सोलरची ती आजी. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑगस्टिन मूशोने आरशांनी वाफ तयार करून तिच्यावर चक्क बर्फ बनवून दाखवला. त्याच सुमारास आपल्या मुंबईत विल्यम ॲडम्स नावाचा सरकारी नोकरीतला इंग्रज कुलाब्याला बंगल्याच्या आवारात सपाट आरसे अर्धवर्तुळात लावून वाफेचं इंजिन चालवत होता, आणि त्याने बनवलेल्या कुकरवर जानेवारीत ७ सैनिकांचं मांस-भाजीचं जेवण २ तासांत शिजत होतं. त्याचं म्हणणं साधं होतं, कोळसा इंग्लंडहून बोटीने आणायचा तर इथे फुकटचं ऊन आहे ते वापरा. पण कोळसा स्वस्त होत गेला आणि विषय मागे पडला.

गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज होते आणि त्यांच्याकडचा या विषयातला माणूस म्हणजे पाद्री हिमालय. खरं नाव मानुएल आंतोनियो गोमिश (१८६८ ते १९३३). उंच होता म्हणून सेमिनरीतल्या पोरांनी हिमालय नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. हा धर्मगुरू पॅरिसमध्ये विज्ञान शिकला, पिरेनीज डोंगरात आरशांची भट्टी उभी केली आणि १९०४ च्या अमेरिकेतल्या सेंट लुईस प्रदर्शनात ६११७ छोट्या आरशांचं एक अजस्र यंत्र नेलं, जे ३५०० अंशांच्या आसपास तापमान गाठायचं. तिथे त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वीज बनवायला नाही हं, हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायची त्याची कल्पना होती. आणि गंमत म्हणजे हाच माणूस जडीबुटी आणि पाण्याच्या उपचारांचा कट्टर पुरस्कर्ता, शिवाय स्वतःच्या नावाचं एक स्फोटक पण शोधून बसलेला. या नोंदीत सोलर आणि डोकेदुखीचे घरगुती उपाय एकत्र का, असं कोणी विचारलं तर या पाद्रीकडे बोट दाखवावं.

हे सगळे उष्णतेवाले. उजेडापासून थेट वीज ही वेगळी शाखा. १८३९ साली एडमंड बेकेरेल या १९ वर्षांच्या पोराला वडिलांच्या प्रयोगशाळेत दिसलं की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पडला की प्रवाह येतो. १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन पहिला सेल बनवला, त्यातून जेमतेम १ टक्का उजेडाची वीज व्हायची. हे असं का होतं त्याचा धागा १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सोडवला आणि त्याच कामावर त्याला १९२१ चं नोबेल मिळालं, सापेक्षतेवर नाही. खरी उडी २५ एप्रिल १९५४ ची, बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सेल दाखवला, साधारण ६ टक्क्यांचा, आणि त्यावर खेळण्यातला पाळणा फिरवला. चारच वर्षांनी १९५८ मध्ये व्हॅन्गार्ड-१ उपग्रह सोलर सेल घेऊन वर गेला आणि १९६४ पर्यंत सिग्नल देत राहिला. जमिनीवर यायला वेळ लागला कारण भाव. १९७० च्या दशकात एलियट बर्मनने वॅटचा भाव १०० डॉलरवरून २० वर आणला, पैसा तेल कंपनीचा होता आणि गिऱ्हाईक पण समुद्रातले तेलाचे फलाटच, त्यांच्यावरचे दिवे लावायला.

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्ये सेल बनवला. २०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सोलर मिशन आलं, तेव्हा लक्ष्य होतं २०२२ पर्यंत २० गिगावॅट, नंतर ते १०० केलं. २०१५ ला कोची विमानतळ पूर्ण सोलरवर गेला.

गोव्यातलं सोलर

गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते, वरून लाईन गेली की सगळे गच्चीवर येऊन शेजाऱ्याकडे गेली का बघतात. राज्याचं सोलर धोरण २०१७ चं, काम बघते ती गोवा ऊर्जा विकास एजन्सी. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरच्या छतासाठी २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये सबसिडी आहे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात, मे मध्ये जास्त आणि जुलैमध्ये बघायला पण जाऊ नका.

इथल्या अडचणी जरा वेगळ्या आहेत. जुन्या घरांना मंगळुरी कौलं, त्यांच्यावर चढायचं म्हणजे दोन फुटणार हे धरूनच चालायचं. माड. माडाच्या एका झावळीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी आत सेल एकामागे एक जोडलेले असतात म्हणून अख्ख्या ओळीची वीज पडते, आणि माड तोडायला कोणाचं मन होत नाही (माझं तरी नाही झालं, पॅनल दुसऱ्या बाजूला सरकवले). किनाऱ्याला खारा वारा नट-बोल्ट खातो, म्हणून स्टॅंड चांगल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्यायचा, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

आणि उजेड-उष्णतेचा तो मुद्दा परत. लोकांना वाटतं जेवढा उकाडा तेवढी वीज जास्त. उलट आहे. सिलिकॉनचं पॅनल २५ अंशाला मोजलेलं असतं, त्याच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, आणि एप्रिलच्या दुपारी काच ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे दहा-पंधरा टक्के गेलेच. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या स्वच्छ गार दिवसाला दुपारी बाराला मीटर मे महिन्यापेक्षा वर दिसला तर बिघडलाय समजू नये. पॅनलच्या खाली वारा खेळायला फट ठेवतात ती यासाठीच. थोडक्यात पॅनलचं पण डोकं चढतं.

माणसाचं डोकं

उन्हाने डोकं दुखणं याला कोंकणीत तकली फोडटा, आपल्याकडे डोकं उठलं, कपाळ ठणकतंय. आयुर्वेदात तर सूर्याच्या नावाचा आजारच आहे, सूर्यावर्त. सुश्रुताने डोक्याचे ११ रोग सांगितले त्यातला हा एक: सूर्य उगवला की भुवया-डोळ्यांपाशी दुखायला लागतं, दुपारपर्यंत वाढत जातं आणि सूर्य कलला की उतरतं. त्याच यादीत अर्धावभेदक आहे, म्हणजे आपली अर्धशिशी. आजच्या डॉक्टरांच्या भाषेत उन्हातल्या डोकेदुखीची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, घामातून पाणी आणि मीठ जातं, जेवण चुकतं, आणि अर्धशिशीवाल्याला तर नुसता समुद्रावरचा चकाकता उजेडच पुरतो.

त्यामुळे पहिला उपाय पाणी, सावली आणि अंधारी खोली, आणि हा खरंच चालतो. गोव्यातला जुना उपाय म्हणजे दहा-अकराची पेज आणि सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात दाबून ठेवलेली कैरी. शेतात राबणाऱ्याला पाणी, मीठ, भात एकदम मिळतं, आजच्या ओआरएसच्या बरंच जवळचं. सोलकढी, कोकम सरबत, ताक हे त्याच घरातले. उन्हाने गेलेलं मीठ उन्हानेच केलेल्या मिठाने भरायचं.

कपाळावर लावायचे लेप: सहाणेवर उगाळलेलं चंदन, सुंठ, जायफळ, कुठे वेखंड. चंदन गार वाटतं, सुंठ चुरचुरते. माझी आजी सुंठ लावायची आणि तासाभराने कपाळ लाल, पण डोकं थांबलेलं, आता ते सुंठीने थांबलं की त्या तासभर डोळे मिटून पडण्याने हे सांगणं कठीण. सुंठ पोटात घेण्यावर मात्र अभ्यास झालेत, २०१४ साली इराणमध्ये अर्धशिशीच्या १०० रुग्णांवर सुंठ पावडर आणि सुमाट्रिप्टान गोळीची तुलना केली, दोन तासांनी दोघांचा गुण जवळपास सारखा आला. एक अभ्यास म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, पण आल्याचा चहा करून बघायला काही जात नाही. पुदिन्याच्या जातीच्या पेपरमिंटचं १० टक्क्यांचं तेल कपाळाला लावून जर्मनीत १९९६ मध्ये पॅरासिटामॉलशी तुलना झाली, ताणाच्या डोकेदुखीत तेलाने तितकाच आराम पडला. १८९३ ला मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनमध्ये मेंथॉल असतं ते उगाच नाही. ॲस्पिरिनचं मूळ पण झाडातच, विलोच्या सालीवर एडवर्ड स्टोनने १७६३ मध्ये लिहिलं आणि १८९७ मध्ये बायरच्या हॉफमनने त्या जातीचं रसायन शुद्ध करून गोळी शक्य केली.

कपाळ चोळणाऱ्या हाताचा गुण किती, हा प्रश्न विचारायला गोव्यासारखी जागा नाही. पणजीच्या जुन्या सचिवालयापाशी एका बाईवर हात उगारलेला आबे फारियाचा पुतळा आहे, बाहेरचे लोक त्याला बघून दचकतात. हा कांदोळीचा (१७५६ ते १८१९). पॅरिसमध्ये संमोहन करून दाखवायचा आणि सांगायचा की माझ्यात काही जादू नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. औषधांच्या चाचण्यांत आज खोट्या गोळीचा गट ठेवतात त्याच्या मागे साधारण हीच समज आहे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नाही. युरोपातलं बटरबर अर्धशिशीवर चांगलं म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांनी शिफारस केली आणि लिव्हरवर परिणाम दिसल्यावर २०१५ मध्ये ती मागे घेतली. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागू शकतं. आणि उराक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू. एप्रिलमध्ये काजूच्या बागेत भर दुपारी लिमका-मिरची घालून उराक छान लागते, काजूपासून बनलेली म्हणून नैसर्गिकच, पण घामाने आधीच सुकलेल्या अंगातलं उरलेलं पाणी पण ती काढते. संध्याकाळी तकली फोडायला लागली की दोष उन्हाला.

अचानक वीज पडावी तसं डोकं फुटायला लागलं, ताप आणि मान आखडली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लेप उगाळत बसू नये. उन्हातून आलेला माणूस तापलेला आहे आणि असंबद्ध बोलतोय तर तो उष्माघात, सावलीत घेऊन पाणी ओतत १०८ ला फोन करायचा.

पॅनल धुवायची वेळ सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते, धूळ आणि कावळ्याची घाण दवाने मऊ झालेली असते ती फडक्याने सहज निघते, आणि आठ वाजेपर्यंत खाली उतरलं की पेजेच्या वेळेला डोकं पण ठिकाणावर असतं.